सोवळ्याची वाट

हयवदनानं टेपचं टोक भिंतीच्या बुडाशी विटेखाली दाबून ठेवलं आणि टेप सोडत तो उकिडवाच मागे सरकला. चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघेपाशी आल्यावर त्यानं आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. काल संध्याकाळी शेजारी उभं राहून त्यानं ही रेघ साडेचार फुटांवर मारून घेतली होती. आता ती पावणेतीन फुटांवर होती.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यानं टेपला दोष दिला होता. टेप कापडी होता, जुना होता, डिसेंबरातल्या धुक्यानं ओलावला होता; दोष द्यायला सोयीचा होता. पण टेप कितीही नाठाळ झाला तरी असा घसघशीत तुकडा गिळत नाही, आणि गिळलाच तर लागोपाठ दोन दिवस तेवढाच गिळत नाही. हयवदन ताडकन उठला.

"शिवाप्पा!"

शिवाप्पा मिस्त्री विटांच्या थप्पीवर बसून तंबाखू मळत होता. तो बेळगावकडचा. चामराजपेटेतल्या या अरुंद, लांबुळक्या घराची मागची बाजू पाडून नवी बांधायचं काम हयवदनानं त्यालाच दिलं होतं.

"ही रेघ कुणी हलवली?"

शिवाप्पानं सावकाश येऊन रेघेकडे बघितलं. "न्हाई बा साहेब. काल तुम्हीच उभं राहून मारून घेतलासा. आम्ही कशाला हात लावतोय?"

"मग ती आपल्या पायानं चालत आली?"

"आता ते मी काय सांगू? पर माणसं आल्यात. चर खणायला घेऊ का नको, तेवढं सांगा."

"नको. आज नको."

शिवाप्पानं तंबाखू गालात सारली आणि तो माणसांना दुसऱ्या कामाला लावायला गेला. पाठमोऱ्या शिवाप्पाच्या खांद्यांवरूनच कळत होतं, की साहेबाच्या डोक्यात किडा शिरलाय असं त्याचं मत झालं आहे. हयवदन परसात येरझाऱ्या घालू लागला. विहिरीपासून कढीलिंबापर्यंत, कढीलिंबापासून विहिरीपर्यंत. खरं म्हणजे त्याच्या स्वभावालाच स्वस्थता नव्हती. लोकांची घरं आखताना हीच अस्वस्थता गुणासारखी वाटे. स्वतःच्या घराला हात घातल्यापासून मात्र तिनं त्याला धड जेवू दिलं नव्हतं की झोपू दिलं नव्हतं.

मुंबईत शिकून आल्यावर त्यानं काही वर्षं कँटोन्मेंटकडच्या एका कचेरीत काढली आणि मग स्वतःचं टेबल टाकलं. बसवनगुडीत, नव्यानं वसणाऱ्या जयनगरात त्याची घरं उभी होती. तो घर आखायच्या आधी त्या घरातल्या माणसांत जाऊन बसे. सकाळी आधी कोण उठतं, मग कोण, पाणी कुठून आणतात, वर्तमानपत्र कोण कुठे वाचतं, असं विचारत राही. मग नकाशावर प्रत्येक माणसाच्या रोजच्या हिंडण्याफिरण्याची एकेका रंगाच्या पेन्सिलीनं रेघ ओढी. दोन रंग जिथे एकमेकांना छेदत, तिथे तो गोल काढी. "हा गोल म्हणजे भांडणाची जागा," असं तो गिऱ्हाइकांना सांगे, आणि मोठमोठी माणसं एकमेकांकडे चोरून बघत हसत. भिंत इकडची तिकडे करून, दार फिरवून तो ते गोल पुसून काढी. लोक म्हणत, याच्या घरात राहायला गेलं की माणसं आपोआप शहाण्यासारखी वागायला लागतात.

त्याच्या स्वतःच्या घराच्या नकाशावर एकच गोल होता, पण तो असा की पुसता पुसत नव्हता. पुढच्या सोप्यातून परसात जायला एकच बोळ. त्या बोळातून स्वयंपाकघरात जायचं, देवघरात जायचं, विहिरीवर, न्हाणीत, संडासात, सगळीकडे त्यातूनच. कावेरीची हिरवी रेघ, पाच वर्षांच्या अनुसूयेची निळी, त्याची स्वतःची काळी. आणि या सगळ्यांना कापत, पहाटेपासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत विहीर, चूल आणि देव यांच्यामध्ये फिरणारी एक तांबडी रेघ. ती अक्काची.

अक्का म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण, अहल्या. वडील अक्का म्हणत म्हणून सगळं घर तिला अक्का म्हणे. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी आली. हयवदनाची आई तो रांगता असतानाच गेली. तेव्हापासून त्याला वाढवलं अक्कानं. घरातल्या बाकीच्या बायकांचं सोवळं जेवणं उरकली की सुटे. अक्काचं सुटत नसे. आलवणातली ती किडकिडीत मूर्ती बोळातून यायला लागली की माणसं भिंतीला पाठ लावून पोटं आत ओढत. तरी बोळच तेवढा. कधी ना कधी कुणी लागेच.

गेल्या महिन्यात तसंच झालं. अनुसूया शाळेतून आली ती दप्तरासकट धावत आत घुसली आणि विहिरीवरून कळशी घेऊन येणाऱ्या अक्कावर जाऊन आदळली.

"अय्यो, लागलीस की गं पुट्टी!" अक्का म्हणाली. एवढंच. ती कधी रागावत नसे. कळशीतलं पाणी तिनं कढीलिंबाच्या बुंध्याशी ओतलं, परत विहिरीवर गेली, आणि त्या बोचऱ्या गारठ्यात पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. संध्याकाळपासून ती खोकायला लागली. शेजारच्या कृष्णाबाई समाचाराला आल्या आणि जाताना कावेरीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, एक पोर सांभाळता येत नाही हल्लीच्या मुलींना. कावेरीनं अनुसूयेला धरून फडाफडा दोन ठेवून दिल्या आणि मग स्वतःच रडत बसली.

त्या रात्री तिनं नवऱ्याला स्वच्छ सांगितलं. तिला सातवा महिना लागत होता. ती बाळंतपणाला धारवाडला माहेरी जायची होती.

"एकीला मारतेय. आता दुसरं येईल, तेही धावायला लागेल. त्यालाही मारू?"

"मी काहीतरी करतो."

"करा. जगाची घरं नीट करता. कुणी कुणाला लागणार नाही अशी वाट बांधा. नाहीतर धारवाडाहून मी दुसऱ्या कुठल्याही घरात येईन, या घरात यायची नाही. अक्कांना मी वाईट म्हणत नाही. पण माझ्यानं हे होत नाही."

हयवदनानं तिसऱ्या दिवशी नकाशा काढला. जागा चिंचोळी, दोन वेगळ्या वाटा मावत नव्हत्या. मग त्यानं एकच वाट काढली, पण ऐसपैस. तिच्यापायी कोठीची खोली निम्मी झाली, स्वयंपाकघराचा कोपरा गेला. पण दोन माणसं समोरासमोरून आली तरी मध्ये अंतर राहील अशी साडेचार फुटांची वाट झाली. तांबडी रेघ एका कडेनं, निळी-हिरवी दुसऱ्या कडेनं. गोल पुसला गेला. त्यानं तो कागद लांबूनच, जमिनीवर पसरून अक्काला दाखवला. अक्का बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे. छान आहे की रे."

आणि आता ही रेघ.

येरझाऱ्या घालून पाय दुखले तेव्हा त्याला एकदम सुचलं, आणि सुचलं तसा तो सोप्यात गेला. कावेरी जमिनीवर पाय पसरून तांदूळ निवडत होती.

"कोठी लहान होते म्हणून तुझं मन खात होतं ना?"

"खात होतं. मग?"

"कुणीतरी रेघ आत सरकवतंय. वाट अरुंद झाली की कोठी मोठी होते."

कावेरीचा हात सुपातच थांबला. तिनं वर बघितलं, तेव्हा हयवदनाला वाटलं, बोललेलं गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

"मी? माझं चाललं असतं तर तिथून बैलगाडी जाईल एवढी वाट केली असती. मला कोठी नको, काही नको. माझ्या मुलीवर हात उगारायची पाळी माझ्यावर येऊ नये, एवढंच पाहिजे." ती पुन्हा तांदळाकडे वळली. "संशय घ्यायला बायकोच सापडली का?"

दाराशी अनुसूया उभी होती. तिला परसात जायचं होतं. पण आतल्या बाजूनं अक्काच्या ओल्या लुगड्याची सळसळ ऐकू येत होती, म्हणून शिक्षा झाल्यासारखी ती भिंतीला चिकटून, हात मागे बांधून थांबली होती. मार खाल्ल्यापासून ती अशीच थांबायला शिकली होती. अक्का देवघराशी पोचेपर्यंत तिनं श्वाससुद्धा घेतला नाही असं हयवदनाला वाटलं.

त्यानं संध्याकाळी पुन्हा रेघ मारून घेतली. या खेपेला फक्कीचा डबा त्यानं स्वतः धरला.

दुसऱ्या दिवशी फटफटतानाच त्याला जाग आली. जाग कसली, डोळा असा लागलाच नव्हता. शाल गुंडाळून तो परसात आला. धुकं विहिरीच्या कठड्यावर उतरलं होतं आणि रेघ पुन्हा पावणेतीन फुटांवर होती.

आज तो ओरडला नाही. टेप न घेताच तो रेघेजवळ बसला. शिवाप्पाच्या डब्यातून पडणारी रेघ जाडीभरडी असे, मध्येच फुगलेली, मध्येच तुटलेली. ही रेघ बारीक होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, कुठे जोड नाही, कुठे थरथर नाही. त्यानं बोटानं थोडी भुकटी उचलून चोळली. चुना नव्हता, खरखरीत लागली. जुनी रेघ जिथे होती तिथली माती केरसुणीनं झाडून इतकी साफ केली होती की तिथे काही होतं असं कुणी म्हटलं नसतं.

दारापुढची रांगोळी कावेरी काढी. पण लहानपणापासून हयवदनानं पाहिलेली रांगोळी आत, देवापुढे असे. विधवेच्या हातची, म्हणून उंबऱ्याबाहेर कधी न आलेली. पाटाभोवती चिमटीतून सुटत जाणारी ती रेघ बघत बघतच त्याला पहिल्यांदा वाटलं होतं, की आपल्यालाही अशी सरळ रेघ ओढता यावी.

आणि पावणेतीन फूट म्हणजे काय, तेही त्याला आत्ता उमगलं. जुना बोळ तेवढाच होता. पाडलेली भिंत जिथे उभी होती, नेमकी तिथेच रेघ रोज परत जात होती.

विहिरीवर रहाट कुरकुरला. अक्का पाणी ओढत होती. हयवदन उठून धुण्याच्या दगडावर जाऊन बसला. तिच्यापासून नेहमीच्या अंतरावर.

"अक्का, रेघ तू हलवलीस?"

अक्कानं कळशी काठावर ओढून घेतली. मग म्हणाली, "होय रे."

"तुला नकाशा दाखवला होता मी. तू सरी म्हणालीस."

"नकाशात सरीच दिसत होतं."

"मग?"

"मग जमिनीवर बघितलं."

हयवदनाला राग यायला हवा होता, तो येईना. त्यानं समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांशी बोलायचा तो त्याचा ठेवणीतला सूर होता. "जुनं मोडताना जड जातं, अक्का. सगळ्यांनाच जातं. पण ही वाट तुझ्यासाठीच रुंद केलीय. कुणाचा धक्का लागू नये, या गारठ्यात तुला दोनदोनदा आंघोळ पडू नये..."

"ठाऊक आहे. फार छान केलीस. बंगल्यातल्यासारखी." अक्कानं दोर गुंडाळला. "मी तिथे उभी राहून बघितलं. या कडेनं मी आले असं धरलं. त्या कडेनं पुट्टी आली असं धरलं. मध्ये एक माणूस निजेल एवढी जागा. कोण लागणार रे तिथे कुणाला?"

"तेच तर..." हयवदन म्हणाला, आणि पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

अक्का त्याच्याकडे बघत नव्हती. कळशीत पडलेलं कढीलिंबाचं पान ती बोटानं काढत होती.

त्याला आठवलं. तो चारपाच वर्षांचा असेल. बाहेरून आला की बोळाच्या तोंडाशी तो चड्डी, सदरा, सगळं भिरकावून देई आणि उघडाबंब धावत जाऊन अक्काच्या कुशीत शिरे. अंगावर कापड नसलेल्या पोराचा विटाळ नसतो. अक्का चुलीपुढे बसलेली असे, तिच्या लुगड्याला धुराचा आणि ओलाव्याचा वास येई. मग मुंज झाली, शाळा आली, आणि ते संपलं. संपलं तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. पुढे अनुसूया झाली आणि तीही तशीच झगा फेकून धावायला लागली. ती या जूनमध्ये शाळेत जायला लागली. एकदा बोळाच्या तोंडाशी झगा दोन्ही मुठींत धरून ती म्हणाली होती, "मी नाही काढणार, मला लाज वाटते." सगळे हसले होते. अक्काही हसली होती.

हयवदनाला एकाएकी बसवेना. तो उठला, पुन्हा बसला.

"मग सोड ना हे सोवळं," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "कुणासाठी पाळतेस आता?"

अक्कानं आता त्याच्याकडे बघितलं. "अय्यो, ते कसं सोडू? या घरात तेवढं एकच माझं आहे. बाकी सगळं तुमचं." तिनं कळशी कमरेवर घेतली. "मी सोडणार नाही रे. पण धावत्या पोरानं मोडलं, तर मी काय करू?"

"आणि खोकला?"

"विहिरीचं पाणी पहाटे ऊन असतं. स्वल्प खोकला काय, जातो." दोन पावलं जाऊन ती थांबली. "कावेरीला सांगू नकोस. तिला वाटेल मी मुद्दाम करते." मग पाठमोरीच, "मुद्दामच करते म्हण."

शिवाप्पा माणसं घेऊन आला तेव्हा हयवदन तिथेच उभा होता.

"आज तरी खणायचं का, साहेब?"

"खणा."

"कंच्या रेघेवर?"

आतून कावेरीच्या बांगड्या वाजल्या. तिनं घातलेली अट हयवदनाला तोंडपाठ होती. त्यानं खिशातला टेप चाचपला आणि तसाच खिशात राहू दिला.

"हीच की. दिसत नाही का?"

हयवदन कावेरीला धारवाडच्या गाडीत बसवून देत होता तेव्हा तिनं खिडकीतून विचारलं, "रेघेचं मिटलं का एकदाचं?"

"मिटलं," हयवदन म्हणाला. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. गाडी हलली, अनुसूयेनं हात हलवला, आणि स्टेशनातून बाहेर पडताना तो असा रेंगाळत चालला की टांग्यासारख्या जटक्याच्या गाडीवानानं विचारलं, बरं वाटत नाही का, अण्णा?

पुढचे महिने त्याचा जीव टांगणीला लागलेला होता. अक्कासाठी म्हणून केलेली गोष्ट कावेरीला घराबाहेर काढील, आणि ती गेली की मुलं गेली. मग अरुंद वाटेतून अक्का एकटीच हिंडेल, कुणी लागायचा प्रश्नच नाही. हे कळत असूनही त्यानं भिंत वर येऊ दिली. सिमेंटच्या परमिटसाठी खेटे घातले. दुसऱ्यांची कामं अडवून ठेवली. त्या बोळावर त्यानं जेवढा विचार खर्च केला तेवढा कुणाच्या बंगल्यावर केला नव्हता. अंधार वाटू नये म्हणून वर काचेची कौलं बसवली. भिंतीचे कोपरे कोपराच्या उंचीला घासून गोल करून घेतले, लागलं तरी कुणाला दुखू नये. जमीन काव घालून, घोटून घोटून तांबडी तुळतुळीत केली. आणि बोळाच्या मध्यावर, नकाशात तो गोल होता त्या जागी, स्वयंपाकघराच्या भिंतीत खोलगट बैठक काढली. दोन माणसं टेकतील एवढी.

"हे कशाला?" शिवाप्पानं विचारलं.

"कळशी ठेवायला."

"कळशीला एवढं?"

हयवदन बैठकीची कड हातानं चाचपू लागला. त्याचं त्यालाच ते नीट माहीत नव्हतं.

धारवाडला मुलगा झाला. बारसं तिकडेच झालं. नाव गुंडो, हयवदनाच्या आजोबांचं. बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा हयवदन सगळ्यांना आणायला गेला. गाडीत कावेरी घराबद्दल विचारत होती आणि तो खिडकीबाहेर बघून सांगत होता. चिमणीतून धूर कसा वर जातो, फळ्या किती, खिडकी कुठे. वाटेबद्दल त्यानं काही सांगितलं नाही, आणि सगळं झालंच असणार असं धरून तिनं विचारलं नाही.

सकाळी जटका दारात थांबला. हयवदन ट्रंक घेऊन बोळाच्या तोंडाशीच रेंगाळला. कावेरी बाळाला खांद्यावर घेऊन आत गेली. स्वयंपाकघर बघून तिचा चेहरा फुलला. ओट्यावरून तिनं हात फिरवला, कोठीत डोकावली. "कोठी मोठी निघाली की हो!" ती आतून म्हणाली. मग ती बोळात आली, परसाच्या दिशेनं चालायला लागली आणि मध्यावर थांबली. बाळाला डाव्या हातावर घेऊन तिनं उजवं कोपर बाजूला काढलं. ते भिंतीला लागलं. ती जराशी सरकली. डावीकडे बाळाचे पाय दुसऱ्या भिंतीला लागले.

"हे साडेचार फूट?"

"नाही."

"मग किती?"

"आधी होते तेवढेच."

कावेरी वळली. काचेच्या कौलांतून पडलेल्या उजेडात तिचा चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता, आणि त्यावर राग नव्हता. राग परवडला असता. "मला मिटलं म्हणालात," ती म्हणाली.

हयवदन बोलायला गेला, एवढ्यात परसाच्या दाराशी ओल्या लुगड्याची सळसळ झाली. अक्का कळशी घेऊन आत आली होती. बोळात कावेरीला बघून ती जागीच थांबली. सोप्याच्या तोंडाशी अनुसूयाही थबकली. तिनं सवयीनं पाठ भिंतीला लावली, हात मागे घेतले.

"आलात?" अक्का म्हणाली. ती पुष्कळच वाळली होती. "तू जा पुढे, कावेरी. मी थांबते."

पण ती बोलत होती कावेरीशी आणि बघत होती बाळाकडे. तिनं त्याला अजून पाहिलंच नव्हतं. कावेरी भिंतीला चिकटली, अक्का दुसऱ्या भिंतीला चिकटली, आणि कावेरी आडवी होऊन तिच्या पुढ्यातून सरकायला लागली. गुंडोला हे सगळं भारी गमतीचं वाटलं असावं. अंगावर झबलं, डोक्यावर टोपडं, असा तो आईच्या खांद्यावरून वाकला आणि त्यानं अक्काचा ओला पदर मुठीत पकडला.

"अय्यो," अक्का म्हणाली, "लागला की रे!"

पाच महिन्यांच्या मुठीला कोण मारणार? कावेरी ती मूठ उलगडायला गेली, तशी अक्का घाईघाईनं म्हणाली, "राहू दे, राहू दे. ओढू नकोस." तिनं कळशी खाली ठेवली. मागे हात नेऊन भिंत चाचपली, आणि ती त्या खोलगट बैठकीत टेकली. पदर अजून बाळाच्या हातात होता. "आता लागलाच आहे. आंघोळ तर करायचीच." आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

कावेरीनं त्या हातांकडे बघितलं. मग त्या बैठकीकडे, घासून गोल केलेल्या कोपऱ्याकडे, वरच्या कौलांकडे. आणि शेवटी बोळाच्या तोंडाशी ट्रंक धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. हयवदनाला तिची नजर झेपली नाही. तो खाली तांबड्या जमिनीकडे बघत राहिला.

कावेरीनं बाळ अक्काच्या मांडीवर दिलं. अक्कानं त्याचं टोपडं काढलं, टाळू हुंगली आणि डोळे मिटून घेतले.

कावेरीनं मान वळवली. अनुसूया अजून भिंतीला चिकटून होती.

"ये गं," कावेरी तिला म्हणाली. "ये. एकाला लागल्या काय आणि दोघांना लागल्या काय, आंघोळ त्यांना एकच करायची आहे."

अनुसूयेचा विश्वास बसेना. तिनं आधी बापाकडे बघितलं, मग आईकडे. मग प्रवासात मळलेल्या झग्यासकट ती धावत सुटली आणि अक्काच्या उरल्यासुरल्या कुशीत घुसली. अक्कानं एक हात बाळावरून काढून तिच्या डोक्यावर ठेवला. "केस किती गुंतलेत हे पुट्टी," ती म्हणाली, आणि बोटांनी बट सोडवायला लागली. सावकाश, पुढचं काही काम नसल्यासारखी.

बऱ्याच वेळानं तिनं मुलांच्या डोक्यांवरून बोळाच्या तोंडाकडे बघितलं.

"आणि तू कशाला तिथे उभा, हयवदना?"

हयवदनानं ट्रंक खाली ठेवली आणि तो वाकून बुटाचे बंद सोडायला लागला. ते सुटता सुटेनात.

त्या दिवशी विहिरीवरच्या रहाटाचा आवाज यायला फार उशीर झाला.